दारावरची नोंद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धर्माबादच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांत अजूनही वहीपूजन होते. हिशेब कधीच संगणकावर गेला आहे, तरी लाल कापडी बांधणीची एक वही आणली जाते, पहिल्या पानावर 'श्री' काढला जातो, हळदकुंकू वाहिले जाते. पुढे वर्षभर त्या वहीत कोणी काही लिहीत नाही. ती कोरी वही पाहिली की मला जुन्या मुनिमांचा नियम आठवतो. किर्दीचे पान फाडायचे नाही आणि चुकलेला आकडा खोडायचा नाही. चूक झालीच तर खाली दुसरी नोंद घालून ती दुरुस्त करायची. खाडाखोड झालेली वही आणि खोटी वही यांत मुनीम फारसा फरक करत नसत.

संगणक-प्रणालींचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय. पतसंस्था, लहान बँका, एखाददुसरा कारखाना यांच्या सर्व्हरवर कोण शिरले, केव्हा, कुठून आणि कोणत्या नावाने, हे तिथल्या सिक्युरिटी लॉगमधून वाचायचे. हे काम नव्या जमान्याचे वाटते, पण त्याचे मूळ हिशेबाच्या वहीतच आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

संगणकाच्या दारावर नाव विचारायची पद्धत सुरू झाली ती चोरांच्या भीतीने नव्हे. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या देखरेखीखाली सीटीएसएस नावाची प्रणाली उभी राहिली. एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे, प्रत्येकाला वेळ ठरवून द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. वेळ मोजायची तर माणूस ओळखायला हवा, म्हणून नाव आणि पासवर्ड आले. म्हणजे लॉगऑनची पहिली नोंद ही खरे तर बिलाची नोंद होती. आणि पहिली चोरीही वेळेचीच झाली. अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा १९६२ मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम करू लागला. ही गोष्ट त्याने स्वतःच पुष्कळ वर्षांनी सांगितली.

या नोंदींकडे पहारेकऱ्याच्या नजरेने पाहा, असे स्पष्टपणे मांडले ते जेम्स अँडरसन यांनी. १९८०च्या त्यांच्या अहवालात घुसखोरांची जी विभागणी आहे ती मला आजही पुरेशी वाटते. एक बाहेरचा माणूस, जो दुसऱ्याचे नाव लावून आत येतो. दुसरा आतलाच, ज्याला आत यायचा अधिकार आहे पण तो नको ते करतो. आणि तिसरा, जो नोंदच होऊ देत नाही. पहिला सापडू शकतो, कारण तो ज्याचे नाव लावतो त्याच्यासारखा वागत नाही. दुसरा सापडणे कठीण, कारण तो स्वतःसारखाच वागतो. तिसऱ्यासाठी वहीच उपयोगाची नाही. वहीत काय नाही ते पाहावे लागते.

अँडरसन यांचे म्हणणे किती खरे होते हे सहा वर्षांत दिसले. १९८६च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणीच्या कामाचा निधी संपल्यामुळे त्याची रवानगी संगणक विभागात झाली होती. त्याला पहिले काम मिळाले ते मुनिमाचे. संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत येत होती, ती शोधायची. आपल्याकडचा एखादा साहेब म्हणाला असता, पाऊण डॉलर ना, माझ्या खिशातून घे. स्टोलने घेतले नाही. तफावतीचे कारण निघाले ते असे की 'हंटर' नावाच्या वापरकर्त्याने काही सेकंद यंत्र वापरले होते आणि त्याचे बिल कोणाच्याच खात्यावर पडत नव्हते. त्या नावाचे खाते रीतसर उघडलेलेच नव्हते.

नंतर दुसरी खूण मिळाली. प्रयोगशाळेतून कोणीतरी बाहेरच्या एका यंत्रात शिरू पाहत आहे अशी तक्रार आली आणि त्या वेळी आत होता जो स्वेंटेक. स्वेंटेक तर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ज्या माणसाला आपण गाव सोडून गेलेला समजतो, तो रात्री वाड्यात दिवा लावून बसलेला दिसावा, तसा हा प्रकार.

स्टोलने पुढे जे केले त्यात या विद्येचे सार आहे. त्याने शनिवार-रविवारी कार्यालयातले मिळतील तितके छपाईयंत्र उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेला एकेक जोडले. घुसखोर जे टंकित करील ते कागदावर उमटू लागले. संगणकात ठेवलेली नोंद घुसखोर पाहू शकला असता, पुसू शकला असता. कागदापर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता. सुमारे दहा महिन्यांच्या पाठलागानंतर धागा जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला आणि मार्कुस हेस हे नाव पुढे आले. तो आणि त्याचे साथीदार अमेरिकी लष्करी संगणकांतली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. सुरुवात मात्र पाऊण डॉलरच्या न जुळणाऱ्या हिशेबातून झाली, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना दरवर्षी सांगतो.

१९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी याला शास्त्राचे रूप दिले. प्रत्येक वापरकर्त्याच्या नेहमीच्या वागण्याचा आराखडा तयार करायचा आणि जे त्यात बसत नाही ते बाजूला काढायचे. कल्पना साधी आहे, पण 'नेहमीचे' म्हणजे काय हे ठिकाण पाहूनच ठरते. धर्माबादला मिरचीची आवक वाढली की आडत्यांचे, बँकेचे, पतसंस्थेचे लोक रात्री दहा-अकरापर्यंत बसलेले असतात. मार्चअखेरीस तर मध्यरात्रही कामाचीच. पुण्यात बसून कोणी 'सायंकाळी सातनंतरचे सर्व लॉगऑन संशयास्पद' असा नियम लावला तर आमचा अर्धा गाव संशयित ठरेल. उलट पोळ्याच्या दुपारी कोणी सर्व्हरवर असेल, तर ती वेळ भर कार्यालयीन असली तरी मी ती नोंद आधी उघडतो.

आता प्रत्यक्ष वहीकडे येऊ. आपल्याकडच्या लहान संस्थांत सर्व्हर बहुधा विंडोजचा असतो. १९९३च्या विंडोज एनटीपासून त्यात सुरक्षेची वेगळी नोंदवही आहे. प्रत्येक प्रकारच्या घटनेला क्रमांक असतो. जुन्या काळी यशस्वी लॉगऑनला ५२८ आणि फसलेल्याला ५२९ असे क्रमांक होते. पुढे विंडोज व्हिस्टाच्या वेळी रचना बदलली तेव्हा बहुतेक जुन्या क्रमांकांत ४०९६ मिळवले गेले आणि ते ४६२४ आणि ४६२५ झाले. आजही तेच चालतात. ज्याने जुनी वही वाचली आहे त्याला नवी वाचता यावी, एवढा विचार त्यात होता.

नवखा माणूस ४६२५ मोजत बसतो. फसलेले प्रयत्न किती, यावर अहवाल लिहितो. माझा भर वेगळा असतो. एका नावावर शंभर चुका झाल्या तर बहुतेक वेळा कोणीतरी पासवर्ड विसरलेला असतो. पण शंभर नावांवर एकेकच चूक, तीही दोन-चार मिनिटांच्या अंतराने, ही खरी काळजीची गोष्ट. कोणीतरी एकच सोपा पासवर्ड घेऊन गावातले प्रत्येक दार एकदाच ढकलून पाहत आहे. खाते बंद पडू नये म्हणून तो दुसऱ्यांदा ढकलत नाही. चुकीचा संकेतांकही पाहावा लागतो : नावच अस्तित्वात नाही, की नाव खरे पण पासवर्ड चुकला? पहिल्या प्रकारच्या नोंदी हळूहळू कमी होत दुसऱ्या प्रकारच्या वाढू लागल्या, तर समोरच्याला आपल्या माणसांची यादी मिळाली आहे असे समजावे. आणि या साऱ्यानंतर त्याच पत्त्यावरून एक ४६२४ आला, की मग चहा बाजूला ठेवायचा.

त्या ४६२४च्या पोटात 'लॉगऑनचा प्रकार' असा एक आकडा असतो. याच्याकडे दुर्लक्ष फार होते. २ म्हणजे माणूस यंत्रापुढे बसला होता. ३ म्हणजे नेटवर्कवरून एखादी फाइल वगैरे उघडली. ४ म्हणजे आधी नेमून ठेवलेले काम यंत्राने आपोआप चालवले. ५ म्हणजे एखादी सेवा सुरू झाली. १० म्हणजे दूरवरून पडदा उघडून कोणी आत आले. नाव एकच असते, पण २ आणि ४ यांत माणूस आणि घड्याळ एवढा फरक आहे.

या फरकापायी एका बाईची नोकरी जाता जाता राहिली. संस्था आमच्याच भागातली. नाव सांगत नाही. तिथल्या एका लिपिक बाईंचे खाते रोज सकाळी बंद पडलेले सापडे. संगणक बघणाऱ्याने लॉग काढला तर रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या नावाने फसलेले लॉगऑन, एकामागून एक पाच. व्यवस्थापनाने अर्थ लावला की बाईंनी पासवर्ड कोणाला तरी दिला आहे आणि तो माणूस रात्री प्रयत्न करतो आहे. त्यांना लेखी नोटीस गेली : आपण पासवर्ड कोणास दिला, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. गाव लहान. रात्री दोनला बाईच्या नावावर कोण, या प्रश्नाचे गावात काय काय होते हे मी लिहायला नको.

मला बोलावले ते वार्षिक तपासणीसाठी. हे प्रकरण जाता जाता कानावर घातले गेले. मी त्या नोंदी उघडल्या. प्रकार ४. पाठवणारे यंत्र कोणते, तर सर्व्हर स्वतःच. काही वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने रात्रीच्या बॅकअपचे काम नेमताना, समोर ज्यांचे खाते उघडे होते त्यांचेच नाव-पासवर्ड घालून टाकले होते. बाईंनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला. बॅकअपचे काम जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहिले, पाच वेळा, आणि खाते बंद करून थांबले. म्हणजे रात्री दोनचा माणूस कोणी नव्हताच. पण त्याहून गंभीर गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पासवर्ड बदलल्या दिवसापासून संस्थेचा बॅकअपच झालेला नव्हता.

एखादी नोंद काय सांगते आणि आपण तिच्याकडून काय वदवून घेतो, यातले अंतर मोठ्या प्रकरणांतही दिसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. करोनाचे दिवस होते. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला, ज्यात भारतीय वीजव्यवस्थेत चिनी घुसखोरांच्या खुणा असल्याचे म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला दिला. १४ ट्रोजन असल्याची शक्यता, परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी बेहिशेबी डेटा, आणि काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून वीज मंडळाच्या सर्व्हरवर लॉगिनचे प्रयत्न, असे तीन मुद्दे त्यांनी सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली, तिचा सायबर हल्ल्याशी संबंध जोडणारा पुरावा नाही, अशी भूमिका घेतली.

यातला तिसरा मुद्दा माझ्या धंद्याचा आहे. काळ्या यादीतल्या पत्त्यावरून लॉगिनचा प्रयत्न होणे यात मला नवल वाटत नाही. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही दारावर असे ठोठावणे दिवसरात्र चालू असते. एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवरही. विचारायचा प्रश्न पुढचा : त्यांपैकी एक तरी प्रयत्न साधला का, साधला असेल तर त्या नावाने पुढे काय केले, आणि त्या वेळेचा वीज जाण्याच्या वेळेशी मेळ बसतो का? वर्तमानपत्रांत हेडलाइन झाली ती ठोठावण्याची. घुसखोरी झाली नाही असे मी म्हणत नाही. ठोठावणे आणि घुसणे या दोन वेगळ्या नोंदी आहेत, इतकेच.

याच्या नेमकी उलट गोष्ट पुण्याच्या कॉसमॉस बँकेची. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारपासून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. बारा हजारांवर व्यवहार. भारतातही कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा ठिकाणी मिळून सुमारे अडीच कोटी. मग १३ तारखेला, सोमवारी, स्विफ्टच्या मार्गाने आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

एटीएम पैसे द्यायचे की नाही हे बँकेला विचारते. हा प्रश्न ज्या स्विचमधून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो, त्याच्या जागी चोरांनी आपला नकली स्विच उभा केला. एटीएमचे प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलेच नाहीत. वाटेतच कोणीतरी 'हो, द्या' म्हणत राहिले. म्हणून खातेदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. सगळी वही जुळत होती आणि तिजोरी रिकामी होत होती. अँडरसन यांचा तिसरा माणूस तो हाच. अशी व्यवस्था शनिवारी दुपारी उभी राहत नाही. तिच्यासाठी आधी कित्येक दिवस आत ये-जा असली पाहिजे आणि ती ये-जा कोणत्या ना कोणत्या दारावरच्या नोंदीत उमटलेली असणार. चोरीचा दिवस हा अशा गोष्टीतला शेवटचा दिवस असतो. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली; ते पैसे काढणाऱ्या साखळीतले होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता.

वाराची निवड पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर हात मारला तो गुरुवारी रात्री, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाका उघडेपर्यंत न्यूयॉर्क बंद. ९५.१ कोटी डॉलरच्या मागण्या गेल्या, त्यांपैकी ८.१ कोटी मनिलामार्गे नाहीसे झाले. दोन कोटींची एक रक्कम श्रीलंकेत अडली, कारण 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. पण मला त्यातला छपाईयंत्राचा भाग महत्त्वाचा वाटतो. स्विफ्टचा प्रत्येक व्यवहार तिथे कागदावर छापला जाई. चोरांना हे ठाऊक होते. त्यांनी यंत्रातल्या नोंदी तर पुसल्याच, छपाईही बंद पाडली. शुक्रवारी आलेल्या अधिकाऱ्यांना वाटले, प्रिंटर बिघडला. स्टोलला तीस वर्षांपूर्वी जे सुचले होते ते आता चोरांनाही कळले होते.

म्हणून वही कोणाकडे असते हा प्रश्न वहीत काय लिहिले आहे याच्याइतकाच मोठा आहे. आमच्या तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. गोदावरीवरच्या या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र वर्षानुवर्षे भांडले. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, आणि देखरेखीला तिघांची समिती, ज्यात दोन्ही राज्यांचा आणि केंद्रीय जल आयोगाचा माणूस. दरवाजा कधी उघडला याची नोंद दरवाजाची किल्ली असणाऱ्याने एकट्याने ठेवायची नाही, हे त्यात गृहीत आहे. सभासद बखरीत शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे तीन अंमलदार सांगितले आहेत. त्यामागेही हीच अक्कल आहे. सर्व्हरच्या बाबतीत उपाय तोच. लॉग ज्या यंत्राचा आहे त्याच यंत्रावर ठेवायचा नाही, घडताक्षणी दुसरीकडे पाठवायचा, आणि त्या दुसऱ्या यंत्राची किल्ली पहिल्याच्या व्यवस्थापकाकडे द्यायची नाही. लॉग पुसला तर ११०२ क्रमांकाची एक नोंद मागे उरते. मुनिमाच्या भाषेत, फाडलेल्या पानाचा दोऱ्याजवळ राहिलेला तुकडा.

पुसावी लागतेच असेही नाही. वहीला ठरावीक आकार असतो. ती भरली की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीवर लिहिली जाते. हे आपोआप होते, कोणाचा हेतू नसतो. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने आदेश काढले : लॉग १८० दिवस जपा, घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवा, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटतो, तसा तो नाही. विंडोज वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. लॉग कच्च्या रूपात वाचणाऱ्याला रात्रीचे २.१० हे आदल्या संध्याकाळचे ८.४० दिसतात, तारीखही बदलते. मी एका चौकशीत दोन विभागांना एकाच घटनेवरून दोन वेगळ्या दिवसांसाठी भांडताना पाहिले आहे.

किती दिवस जपायचे याला मराठवाड्यात वेगळाच अर्थ आहे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या दप्तरांत 'कुणबी' ही एक नोंद शोधत हैदराबादपर्यंत गेली. ज्याने ती लिहिली त्याला तिचे पुढे काय होणार याची कल्पना असणे शक्य नव्हते. सगळ्याच नोंदी अशा असतात.

त्या बाईंच्या संस्थेत मी जेव्हा लॉग मागे मागे वाचत गेलो तेव्हा तो अकरा दिवसांवर संपला. त्याच्या आधीचे सगळे नव्या नोंदींखाली गेले होते. बॅकअपच्या त्या रोजच्या पाच ठोक्यांनी भर घातली होतीच. अकराव्या दिवशी, म्हणजे उरलेल्या वहीच्या अगदी पहिल्या पानावर, एका रविवारी दुपारी तीनला प्रकार १०ची एक यशस्वी नोंद होती. नाव दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याचे, पत्ता संस्थेबाहेरचा. सत्तावीस मिनिटांनी बाहेर. मी निवृत्त गृहस्थांना विचारले. त्यांना आपले खाते अजून चालू आहे हेही माहीत नव्हते. तो पहिला प्रवेश होता की शंभरावा, हे सांगणारी पाने उरलेली नव्हती. मी अहवालात तेवढेच लिहिले.

रात्री दोनची नोंद सर्वांनी पाहिली होती. रविवारी दुपारी तीनची कोणी पाहिली नव्हती, कारण ती यशस्वी होती आणि संगणक बघणाऱ्याने फक्त फसलेले लॉगऑन छापून काढले होते.

निवृत्तांची खाती त्याच दिवशी बंद केली, बॅकअपला स्वतंत्र खाते दिले. बाईंची नोटीस मागे घेतल्याचे पत्र निघायला मात्र दोन महिने गेले. ते सेवापुस्तकात लावले का, म्हणून मी पुढच्या वर्षी मुद्दाम पाहिले. नोटीस लावलेली होती. पत्र नव्हते. ते शोधून आणून, तारीख घालून, नोटिशीच्या लगेच मागे लावून घेतले आणि मगच त्या वर्षीच्या तपासणीला बसलो.